मुखवट्याआडचा दादा

आज मधूनच कुकरची शिट्टी किंवा शेजारचा कुत्रा ऐकू आला तर सांभाळून घ्या. (पुस्तकात तो ऐकू येणार नाही, पण होता.) नेहमीच्या खोलीतून मी आज बोलत नाहीये. भिलाईला आलोय, सेक्टर ६ मध्ये, बाबांकडे.

मुंबईहून हावड्याकडे जाताना दुर्ग गेलं की लगेच भिलाई लागतं. सोव्हिएत रशियाच्या मदतीनं इथं पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ साली त्याची पहिली झोतभट्टी पेटली. कारखान्याबरोबर सेक्टर वसले, सरळ रेषेतले रस्ते, एकसारखी क्वार्टरं, दारात कडुनिंब नाहीतर आंबा. नागपूर, वर्धा, अमरावतीकडची पुष्कळ मराठी माणसं इथं आली, त्यात आमचे बाबा १९६१ साली. आमच्या ओळीत एक घर बंगाली, एक तेलुगू, समोर मल्याळी, कोपऱ्यावर सरदारजी. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर पाऊल पडलं की हिंदी, असं आमचं बालपण.

तर गेल्या आठवड्यात बाबांची लोखंडी ट्रंक आवरताना खाली एक व्हिडिओ कॅसेट सापडली. काळ्या फितीवर पांढरी बुरशी चढलेली, पण पाठीवरच्या चिठ्ठीवर दादाचं अक्षर शाबूत. इंग्रजीत दोन शब्द : स्पीड रेसर. आज तिच्याबद्दल बोलायचंय. कार्टूनबद्दल बोलायचंय, आणि ते आम्ही दोनदा पाहिलं त्याबद्दल. पहिल्यांदा १९९३-९४ मध्ये, दुसऱ्यांदा गेल्या डिसेंबरात. मधल्या काळात ते कार्टून बदललं नव्हतं, तरी जे पाहिलं ते वेगळं होतं. तसं का झालं, हे उलगडता उलगडता बऱ्याच गोष्टी कळत गेल्या.

आधी ती कॅसेट आली कशी ते सांगतो. दादा माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. १९९० मध्ये तो अमेरिकेला गेला. गेला म्हणजे भांडून गेला. बाबा रेल मिलमध्ये, तिथं रूळ बनतात. त्यांची इच्छा होती की मेकॅनिकलचा इंजिनियर झालेल्या मुलानं याच कारखान्यात यावं. मुलाखतीचं पत्रही आलं होतं. दादा त्या दिवशी घरातून निघाला तो मुलाखतीला न जाता थेट स्टेशनवर गेला. त्याआधीची एक जुनी ठिणगीही होती. बाबांनी चेतक स्कूटर बुक केली होती, आणि तेव्हा बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. ती आली, नारळ फुटला, आणि आठवड्याच्या आत दादानं न विचारता ती सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर नेऊन झाडावर घातली. दादाच्या गुडघ्याला टाके पडले. बाबा त्याला एक शब्द बोलले नाहीत आणि पुढे बोलतच नाही झाले. अमेरिकेतून फोन आला की आई बोलायची, मी बोलायचो. बाबांना तेव्हा नेमकं बागेत पाणी घालायचं असायचं.

१९९३ मध्ये अमेरिकेत एमटीव्ही वाहिनीवर हे जुनं कार्टून पहाटे-पहाटे पुन्हा दाखवत होते. दादानं ते रेकॉर्ड केलं आणि येणाऱ्या कुणाच्या तरी हाती कॅसेट पाठवली. दोन तासांत चार भाग आणि मधल्या सगळ्या जाहिराती. पिझ्झाची जाहिरात पाहून आईनं विचारलं होतं, ‘ही पोळी अशी लोंबतेय कशाला?’

पण ते पुढे. पहिल्या दिवशी कॅसेट आमच्या व्हीसीआरमध्ये घातली तर चित्र खालून वर सरकत राहिलं, रंग नाहीच, आणि माणसं जाड, झोपाळू आवाजात बोलायला लागली. मला वाटलं कॅसेट खराब निघाली. तसं नव्हतं. आपल्याकडे टीव्हीची पद्धत पाल, सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येकात ६२५ रेषा. अमेरिकेत एनटीएससी, सेकंदाला ३० चित्रं आणि ५२५ रेषा. याचं मूळ विजेत आहे. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, त्यांची ६०, आणि सुरुवातीचे टीव्ही त्या तालावर बांधले गेले. आमचा व्हीसीआर बिचारा ३० चित्रांची फीत २५च्या चालीनं ओढत होता. म्हणून आवाज जाड आणि चाल मंद. जगातल्या सगळ्यात घाईघाईनं बोलणाऱ्या कार्टूनची आणि माझी पहिली भेट अशी पेंगत झाली!

शेवटी समोरचे मल्याळी अंकल कामाला आले. ते आखातात नोकरी करून परतले होते आणि त्यांच्याकडे मल्टिसिस्टिम व्हीसीआर होता, सगळ्या देशांच्या कॅसेटी वाचणारा. रविवारी दुपारी तो व्हीसीआर टॉवेलात गुंडाळून आमच्याकडे यायचा. ओळीतली सात-आठ पोरं जमिनीवर, आणि मागे खुर्चीत बाबा, तोंडापुढे पेपर.

आता खुद्द कार्टूनविषयी. याचं मूळ नाव ‘माख गो गो गो’. जपानच्या फुजी टीव्हीवर २ एप्रिल १९६७ ते ३१ मार्च १९६८ या काळात त्याचे ५२ भाग दाखवले गेले. ५२ म्हणजे वर्षाचे आठवडे. हा आकडा तुमच्या ओळखीचा असायला हवा, कारण १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी आपण ज्या मोगलीसाठी अंघोळ उरकून बसायचो, त्या ‘जंगल बुक’चेही ५२ भाग होते आणि तेही जपानीच. निप्पॉन अ‍ॅनिमेशनचं, १९८९चं. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज असल्यानं आपल्याला ते आपलंच वाटलं. शेरखानला आपलं मानलं तर स्पीड रेसरनं काय घोडं मारलंय?

ते बनवलं तात्सुनोको प्रॉडक्शननं. तात्सुओ योशिदा आणि त्यांचे दोन धाकटे भाऊ, केंजी आणि तोयोहारू, अशा तिघांनी १९६२ मध्ये ही कंपनी काढली. तोयोहारू ‘इप्पेई कुरी’ या टोपणनावानं चित्रं काढायचे. तात्सुनोको म्हणजे ‘तात्सुचं लेकरू’, शिवाय पाणघोड्याच्या जपानी नावाशी त्याचा श्लेष. इथं पाणघोडा म्हणजे समुद्रातला तो इवलासा, घोड्याच्या तोंडाचा मासा, हिप्पो नव्हे. थोरल्या भावाच्या नावानं धाकट्यांनी चालवलेली कंपनी, हे लक्षात ठेवा.

योशिदांना अमेरिकन कॉमिक्सचं वेड होतं. एल्विस प्रेस्लीचा १९६४चा ‘विवा लास वेगास’ आणि त्याच वर्षीचा जेम्स बाँडचा ‘गोल्डफिंगर’, या दोन सिनेमांतून त्यांना ही कल्पना सुचली. एल्विसचा शर्यतीतला रुबाब आणि बाँडच्या अ‍ॅस्टन मार्टिनमधली छुपी हत्यारं, दोन्ही एका पोराला दिली. जपानमध्ये तेव्हा गाड्यांचा ज्वर चढला होता. सुझुकाचा रेस ट्रॅक १९६२ मध्ये झाला, १९६३ मध्ये पहिली जपानी ग्रां प्री भरली, त्याच वर्षी मेइशिन हा पहिला द्रुतगती महामार्ग अंशतः खुला झाला. युद्धात बेचिराख झालेला देश वीस वर्षांच्या आत वेगाचं स्वप्न पाहत होता. आपल्याकडे तेव्हा अँबॅसिडरसाठी नंबर लागायचा. भिलाईत पाळी सुटल्याचा भोंगा झाला की रस्त्यावर सायकलींचा पूर यायचा, त्यात बाबांची एक.

नावातली गंमत सांगतो. जपानीत ‘गो’ म्हणजे पाच, गाडीचा नंबर पाच. वाहनाच्या नावापुढे जोडायचा ‘गो’ वेगळा, आपण ‘डेक्कन क्वीन एक्सप्रेस’ म्हणतो त्यातल्या एक्सप्रेससारखा. इंग्रजी ‘गो’ म्हणजे चल. आणि नायकाचं नावही गो, गो मिफुने. मिफुने हे आडनाव तोशिरो मिफुनेवरून घेतलेलं, कुरोसावांच्या ‘सेव्हन सामुराई’तला तो अफाट नट. म्हणजे एका अक्षरात गाडी, आकडा, हुकूम आणि पोरगा, चारही बसवले. (माझी बायको मालवणची. तिला हे सगळं समजावून झाल्यावर ती म्हणाली, ‘गो म्हणजे बाईक हाक, इतक्याच माका ठाऊक.’)

अमेरिकेत आल्यावर गो मिफुने झाला स्पीड रेसर. शर्टावरचा ‘जी’ होता ‘गो’चा. हेल्मेटवरचा आणि गाडीच्या तोंडावरचा ‘एम’ होता मिफुनेंचा. नावं बदलली, पण चित्रावरची अक्षरं कोण पुसणार? आम्हा पोरांना कायम प्रश्न पडायचा की स्पीडच्या शर्टावर ‘जी’ कशाला. सरदारजींच्या मुलाचं म्हणणं होतं की त्याचं खरं नाव गुरमीत असणार. म्हणजे सत्याच्या जवळ तोच होता, अक्षराशी प्रामाणिक.

गाडी होती माख फाइव्ह. तिच्या स्टिअरिंगवर सात बटणं, ए ते जी. गाडी उचलून उडी मारणारे जॅक, चढावाला नि चिखलाला धरणारे पट्टे, समोरची झाडं कापणाऱ्या करवती, गोळी न लागणारं काचेचं झाकण, अंधारात दाखवणारे दिवे, पाण्याखाली जायची सोय आणि सातवं, उडून निरोप नेणारा यांत्रिक पक्षी. आईच्या परातीवर खडूनं सात गोल काढून आम्ही ती चालवायचो. सी दाबला की कर्रर्र आवाज तोंडानं काढायचा. कडुनिंब उभाच राहायचा.

लहानपणी दोन गोष्टींना आम्ही हसायचो. एक, माणसं मधेच थिजायची. गाडी धावतेय म्हणजे मागचा रस्ता नुसता सरकतोय, स्पीड मात्र दातओठ खाऊन पुतळा. दुसरी, बोलणं. श्वास न घेता, ‘ओह्’ आणि ‘अहा’ मधे कोंबत, मालगाडी पुलावरून जावी तसं.

दोन्हींमागे हिशेब आहे. सिनेमाची फीत सेकंदाला २४ फ्रेम. एक भाग धरा २२ मिनिटांचा. गुणाकार केला तर ३१ हजार ६८० फ्रेम. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढायचं ठरवलं तर टीव्हीवर आठवड्याला एक भाग कुठल्याही कंपनीला देता येणार नाही. म्हणून एक चित्र तीन फ्रेम धरून ठेवायचं. आकडा उतरला १० हजार ५६० वर. मग फक्त ओठ हलवायचे, चेहरा तोच. मग तीच धावती गाडी पुन्हा वापरायची, तिसऱ्या भागातली सातव्यात. मग चित्र एकच, पण कॅमेरा त्यावरून सरकवायचा. १९६३ मध्ये ओसामू तेझुका यांच्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’नं हा काटकसरीचा मार्ग जपानी टीव्हीला घालून दिला होता. योशिदांनी त्यात स्वतःचा जोर घातला. हालचाल कमी, तर मग चित्रच असं तिरकं, असं ताणलेलं काढायचं की थांबलेली गाडीसुद्धा धावताना वाटेल. मोठेपणी पाहताना मी एक-दोन ठिकाणी चित्र थांबवून बघितलं. भिंतीवर लावावीत अशी चित्रं आहेत ती. पैसा नव्हता, हात होता.

बोलण्याच्या घाईची गोष्ट अधिक मजेची. अमेरिकेत ट्रान्स-लक्स कंपनीनं ही मालिका घेतली आणि इंग्रजी करण्याचं काम पीटर फर्नांडेझ नावाच्या माणसाकडे आलं. संवाद त्यानं लिहिले, दिग्दर्शन त्यानं केलं, शीर्षकगीताचे इंग्रजी शब्द त्याचे, स्पीडचा आवाज त्याचा आणि मुखवटावाल्या रेसर एक्सचा आवाजही त्याचाच. कोरीन ऑर या बाईंनी स्पीडची मैत्रीण ट्रिक्सी, धाकटा भाऊ स्प्रिटल आणि आई, तिघांना आवाज दिला. जॅक ग्राइम्स आणि जॅक कर्टिस हे आणखी दोघे. मुख्य काम या चौघांत. त्यात हाणामारी जरा बोथट करायची, म्हणजे अमेरिकन आयाबाप ओरडणार नाहीत. आणि हे सगळं आधीच हललेल्या जपानी ओठांवर बसवायचं. चित्रातला माणूस ज्या क्षणी तोंड मिटतो त्या क्षणी वाक्य संपलंच पाहिजे. वाक्य उरलं तर पळवा, कमी पडलं तर ‘ओह्’ घाला.

इथं मला एक गोष्ट सुचली, ती माझी आहे, चुकली तर मला सांगा. हेच काम मराठीत केलं असतं तर इतकी धावपळ झाली नसती. जपानी वाक्याची ठेवण आपल्यासारखी. कर्ता आधी, क्रियापद सगळ्यात शेवटी, आणि नकार त्याच्याही जवळ. ‘तो माझा दादा नाही’ हे वाक्य जपानीत जवळपास याच क्रमानं येतं. ‘तो माझा दादा’ इथपर्यंत ऐकणारा श्वास धरून असतो आणि शेवटच्या शब्दाला निकाल लागतो. चित्रकारानं चेहऱ्यावरचा धक्का त्या शेवटच्या शब्दावर काढलेला असतो. इंग्रजीत ‘नाही’ अगोदर येऊन जातं. मग धक्क्याच्या जागी बोलायला काही उरत नाही, आणि तिथं ‘ओह्’ येतं.

दादाचं उदाहरण मी उगाच घेतलं नाही.

रेसर एक्स हा या गोष्टीतला मुखवटावाला. अजिंक्य चालक, गाडी नंबर नऊ. शर्यतीत स्पीडचा प्रतिस्पर्धी, पण स्पीडवर संकट आलं की कुठून तरी येऊन त्याला वाचवणारा, आणि आभार मानायच्या आत निघून जाणारा. तो आहे स्पीडचा थोरला भाऊ रेक्स. वडिलांनी बांधलेली गाडी त्यानं शर्यतीत पळवली, मोडली, वडील संतापले, आणि तो घर सोडून गेला. स्पीडला हे माहीत नाही. प्रेक्षकाला मात्र निवेदक पहिल्यापासून सांगतो, पुन्हा पुन्हा सांगतो. रहस्य असं काही ठेवतच नाहीत. मोठेपणी मला यातली हुशारी कळली. कोण आहे हे शोधायचं काम आपल्याला नाही. आपल्याला फक्त बघत बसायचंय की जवळ येऊन हा पुन्हा बोलणार नाही.

आमच्या कॅसेटवर नेमके तेच दोन भाग होते, मुखवटावाल्याची ओळख करून देणारे. उरलेले दोन होते जीआरएक्स इंजिनाचे. त्या इंजिनानं आधी माणसं मारलेली असतात आणि बदमाश ते थडगं उकरून बाहेर काढतात. आम्हाला अर्थात इंजिनवाले भाग आवडायचे. ते अतिशयोक्त वाटतात, पण त्या काळची खरी शर्यत फार वेगळी नव्हती. मालिका सुरू झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात, मे १९६७ मध्ये, फेरारीचा लोरेन्झो बंदिनी मोनॅकोला गाडीला आग लागून भाजला आणि तीन दिवसांनी गेला.

मुखवट्याच्या भागांत पोरं चुळबुळायची. इंग्रजी इतकं वेगात, की निवेदक काय सांगतोय ते मला अर्धंच कळायचं. कॅसेट तिसऱ्यांदा लागली तेव्हा पेपरामागून बाबा म्हणाले, ‘अरे, तो भाऊ आहे त्याचा.’ बाबांना इंग्रजी बेताचंच. रशियन मात्र कामापुरतं येत होतं, रशियन तज्ज्ञांच्या हाताखाली शिकलेले. पोरांनी पाठीमागून ‘गो, गो’ ओरडलं की ते हळूच म्हणायचे, ‘दवाय, दवाय.’ मग तो भाऊ आहे हे त्यांना कसं कळलं? मी विचारलं. ते म्हणाले, ‘कळतं.’ आणि पेपर वर.

पुढे केबल आली, मोगलीही संपला, कॅसेट ट्रंकेत गेली. २००८ मध्ये वाचोव्स्कींनी यावर हॉलिवूडचा सिनेमा काढला. थिएटरात तो चालला नाही, मला रंगांचं अजीर्ण झालं, तरी मुखवट्याची गोष्ट त्यांनी जपली हे कबूल करतो.

आई गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. त्यानंतर दादा दर दोन वर्षांनी येतो. बाबा आणि तो बोलतात. हवामान, गॅसचा नंबर, रायपूरचं विमान, गुडघे. तक्रार करावी असं त्यात काही नाही, आणि बाकीही काही नाही.

गेल्या डिसेंबरात तो आला तेव्हा बॅगेत डिस्कचा एक संच होता. २०१७ मध्ये अमेरिकेत फ्युनिमेशन कंपनीनं ही मालिका ब्लू-रेवर काढली, आणि मोठ्या संचात मूळ जपानी मालिकाही घातली. मी आनंदानं डिस्क घेऊन इथल्या प्लेअरमध्ये सरकवली. चालेना. ब्लू-रेसाठी जगाचे तीन भाग केलेत, अमेरिका आणि जपान ए विभागात, भारत सी विभागात. तीस वर्षांनी तीच कथा! पण दादानं या वेळी तिथला प्लेअरही आणला होता, स्वेटरात गुंडाळून. मला एकदम समोरच्या अंकलचा टॉवेल आठवला.

पहिले दोन भाग इंग्रजीतून पाहिले, आठवणीखातर. चित्र स्वच्छ, लाल रंग लाल. बाबांना आता कमी ऐकू येतं, तो पळता आवाज त्यांना नुसता गोंगाट वाटला. मग दादानं जपानी मालिकेची डिस्क लावली, खाली इंग्रजी अक्षरं, आणि मी ती मराठीत मोठ्यानं वाचायला लागलो.

आणि घर शांत झाल्यासारखं वाटलं. जपानी माणसं घाई करत नाहीत. थांबतात. स्पीडचे वडील, इंग्रजीतले पॉप्स, मला कायम विनोदी पैलवान वाटायचे. इथं ते दाइसुके मिफुने, पहिल्याच भागात आपल्या इंजिनाचा आराखडा मालकानं उडवून लावला म्हणून नोकरी सोडून येणारे कारागीर. आणि गो आपल्या हरवलेल्या भावाला नावानं हाक मारत नाही. तो म्हणतो, ‘नीसान’. नीसान म्हणजे दादा. जपानमध्येही थोरल्या भावाला नावानं हाक मारत नाहीत, नात्यानं मारतात. इंग्रजीत तिथं ‘रेक्स’ ऐकू येतं. रेक्स कुणाचाही असू शकतो, शेजाऱ्याच्या कुत्र्याचंही नाव असतं ते. नीसान फक्त धाकट्याचा असतो.

मी वाचत होतो : ‘दादा कुठे असेल?’ ‘दादा असता तर.’ चार-पाच वेळा तोंडातून ‘दादा’ गेल्यावर माझ्या लक्षात आलं की शेजारी दादा बसलाय आणि मी खाली बघून वाचतोय. मी थांबलो. बाबा म्हणाले, ‘पुढे वाच.’

शेवटाकडे एक भाग आहे. मुखवटावाला अखेर स्वतःची ओळख देतो, मुखवटा काढतो, आणि धाकटा तेव्हा बेशुद्ध असतो. सांगून झालं की तो निघून जातो. म्हणजे त्यानं सांगितलंही आणि सांगितलं नाहीही. लहानपणी आमच्या कॅसेटवर हा भाग नव्हता. तो पाहून झाल्यावर मी दादाला विचारलं, ‘इतकी कार्टूनं होती, तू तेव्हा हेच का पाठवलं होतंस?’

‘तुला गाड्या आवडायच्या म्हणून,’ दादा म्हणाला.

बाबा टीव्हीकडेच बघत होते. म्हणाले, ‘मला वाटलं होतं, मला पाठवलंय.’

दादा उठला, प्लेअरपाशी जाऊन बसला, आणि पुढची डिस्क कुठली ते बराच वेळ शोधत राहिला. मग पाठमोराच म्हणाला, ‘बाबा, तुम्ही ती कॅसेट फेकली नव्हती?’

‘फेकायला काय झालं? ट्रंकेत असेल.’

तेव्हा ती आम्हाला सापडली नाही. गेल्या आठवड्यात सापडली. फोटो काढून दादाला पाठवला. बुरशी चढलेली फीत घरच्या यंत्रात घालू नका मंडळी, यंत्राची डोकी खराब होतात आणि फीत तुटते. आधी ती साफ करावी लागते, मग तिच्यावरचं उतरवून घेता येतं, आणि ते काम येणाऱ्याकडेच द्यावं. नागपुरात एक जण करतो असं कळलंय. दादाला कार्टून नकोय, ते डिस्कवर आहेच. त्याला मधल्या जाहिराती हव्यात. आणि बाबा म्हणताहेत, पैसे ते देणार.